लाजोचे दागिने

मैत्रिणींनो, १९९५ सालचा 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' मी परवा पहिल्यांदा पाहिला. मुंबईच्या मराठा मंदिरात वर्षानुवर्षं चाललेला प्रेमपट, म्हणून अपेक्षा मोठी होती. निराशा झाली. (गाणी सोडा, ती शाळेपासून पाठ आहेत.)

सिमरनची आई लाजो आठवते? भाऊ शिकावेत म्हणून तिचं शिक्षण थांबवलं गेलं. मुलीच्या वाट्याला तरी हे येऊ नये, म्हणून ती आपले दागिने राजच्या हाती देते, हिला घेऊन जा म्हणते. त्या घरातल्या मोठ्या माणसांत एवढं धाडस करणारी ती एकटी. आणि नायक ते दागिने परत करतो! त्याला मुलगी हवी ती बापाच्याच हातून. सिमरन पळायला केव्हाची तयार, पण तिला विचारतो कोण? शेवटी बाप मनगट सोडतो, तेव्हाच ती धावते.

आमच्या केंद्रात वीस-बावीस वर्षांच्या सज्ञान मुली येतात. पोलीस चौकीत त्यांना पहिला प्रश्न, 'वडिलांना विचारलंस का?' सज्ञान जोडप्याच्या लग्नाला घरच्यांची वा जातीची संमती लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 'शक्ती वाहिनी' खटल्यात २०१८ साली स्पष्ट सांगितलं आहे. कधी मुलीसोबत एखादी लाजोही येते, पदराखाली दागिने घेऊन. तिला काय सांगायचं, नवऱ्याचं मन वळेपर्यंत थांब?