सीमेवरची गावे आणि नागरिकत्वाचे कायदे

नागरिकत्वाचे कायदे राजधानीत लिहिले जातात; त्यांची खरी ओळख सीमेवरच्या गावांना होते. उत्तर गोव्यातील पेडणे आणि डिचोली हे तालुके पोर्तुगिजांच्या जुन्या काबिजादींपैकी नव्हेत. १७८१ ते १७८८ या काळात डिचोली, सत्तरी आणि पेडणे सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांच्या हाती गेले. देव तेच राहिले, सोयरिकीही त्याच राहिल्या; मधून गेली ती फक्त राज्याची रेषा.

या रेषेचा अर्थ पहिल्यांदा कळला असेल तो सुनांना. १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. पोर्तुगीज नागरिकाशी विवाह करणारी परकीय स्त्री त्या विवाहानेच पोर्तुगीज ठरते, असे तिच्यात कलम होते. बांद्याची मुलगी पेडण्यास सून म्हणून आली, की उंबरठ्यावरचे माप ओलांडताना तिचे राष्ट्रही पालटे. तिला ते कोणी सांगितले असेल, असे मात्र वाटत नाही!

तोवर येणेजाणे चालू होते. सावंतवाडी संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, १९५० मध्ये भारताची राज्यघटना अमलात आली, आणि बांदा व पत्रादेवी ही शेजारची ठिकाणे दोन देशांत पडली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या सीमेवर सत्याग्रहींवर गोळीबार झाला, तेव्हा ही रेषा रक्ताने माखली. त्यानंतर भारताने सीमा बंद केली. लग्नाकार्याला जावयाचे तरी परवाना हवा, अशी स्थिती आली.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. २८ मार्च १९६२ च्या आदेशाने सरकारने नागरिकत्वाचा निकाल लावला. जो स्वतः, अथवा ज्याच्या आईबापांपैकी किंवा आजीआजोबांपैकी कोणीही, २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात जन्मले, तो भारतीय ठरला. अर्ज नको, शपथ नको. ज्याला पूर्वीचे नागरिकत्व ठेवावयाचे असेल त्याने एका महिन्यात तसे लिहून द्यावे, एवढीच सवड होती. आदेश उदार होता यात शंका नाही. पण महिन्याची मुदत थोडी होती, आणि लिहून देणाऱ्यास त्याचे परिणाम भोगावे लागले. मोंतेरो नावाच्या धर्मगुरूंनी पोर्तुगीज राहणे पसंत केले. राहण्याच्या परवान्याची मुदत १९६४ मध्ये संपल्यावर त्यांनी तो वाढवून मागितला नाही आणि देश सोडण्याचा हुकूमही मानला नाही. त्यांना शिक्षा झाली, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. जन्मभूमीत राहूनही ते कायद्याने परदेशी होते.

डिचोली तालुक्यातील मये गावाची कथा याहून विलक्षण. येथे परका ठरला तो जमीनदार, आणि अडकले गावकरी. मयेचे पोर्तुगीज काउंट मुक्तीनंतर निघून गेले. १९६४ च्या कायद्याखाली त्यांची जमीन स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून कस्टोडियनच्या ताब्यात गेली. पिढ्यान्‌पिढ्या कसणारे शेतकरी भारतीय नागरिक झाले, पण घराखालची जमीन त्यांची झाली नाही. गोवा विधानसभेने ती मालकी रद्द करणारा कायदा केला तो २०१४ साली, म्हणजे मुक्तीनंतर अर्धशतक उलटून गेल्यावर. सनदा हाती येऊ लागल्या त्या त्यानंतरच.

दरम्यान पोर्तुगालनेही आपले दप्तर मिटले नाही. १९७४ च्या अखेरीस त्याने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. पण १९७५ च्या कायद्यात पूर्वीच्या पोर्तुगीज भारतात जन्मलेल्यांना आपले नागरिकत्व राखण्याचा मार्ग मोकळा ठेवला. आजही आजोबांचा जन्मदाखला घेऊन लिस्बनला नोंद करणारे नातू आहेत. भारताची घटना दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. परकीय पारपत्र स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. मतदानाचा हक्क जातो, शेतजमीन विकत घेता येत नाही. यामुळे तालुक्याच्या कचेरीत पोर्तुगीज भाषेत लिहिलेल्या जुन्या जन्मनोंदींना अजून गिऱ्हाईक आहे. आणि ते पान कोणत्या नातवाने काढावे, कोणत्याने काढू नये, यावर एकाच घरात दोन मते असतात.