कडुनिंबाखालची माती

वर्षप्रतिपदेस कडुनिंबाचीं कोंवळीं पानें गुळाबरोबर खाण्याची चाल घरोघर आहे. झाड इतकें औषधी, तेव्हां त्याच्या मुळाखालच्या मातींतहि कांहीं विशेष द्रव्य असावें, असें कोणासहि वाटेल. ही कल्पना पडताळून पाहण्यास बीड जिल्ह्यांतील कपिलधारचा परिसर सोयीचा आहे.

मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या डोंगरांत हें क्षेत्र आहे. तेथें मन्मथस्वामींची समाधि आहे, आणि पावसाळ्यांत कड्यावरून धबधबा कोसळतो. हा कडा काळ्या दगडाचा, म्हणजे सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं थिजलेल्या लाव्हारसाचा आहे. त्यांत चुना, लोह व मॅग्नेशियम भरपूर. पावसाचें पाणी हवेंतील कर्बाम्ल वायु शोषून किंचित् आंबट होतें व दगडाला हळूहळू कुरतडतें. दगडाचा मुरूम होतो, मुरुमाची माती होते. सुटलेला चुना मात्र अशा कमी पावसाच्या मुलखांत दूर वाहून जात नाहीं. तो खालच्या थरांत चुनखडीच्या खड्यांच्या रूपानें साठतो. चुनखडीच्या मातींत लोह पुष्कळ असूनहि न विरघळणाऱ्या स्थितींत अडकून राहतें. म्हणून पुष्कळ झाडांचीं पानें तेथें पिवळीं पडतात.

कडुनिंब अशा जमिनींतहि तग धरतो. त्याचीं मुळें खडकाच्या भेगांत खोल उतरतात, तेथील चुना व पालाश वर आणतात, आणि पानगळीबरोबर हीं द्रव्यें पृष्ठभागावर येतात. पाला कुजतांना जीं सौम्य अम्लें निर्माण होतात, त्यांच्या योगानें अडकलेलें लोह व स्फुरद थोडें मोकळें होतें.

मग औषधी गुण कोठला? १९४२ सालीं सलीमुज्जमान सिद्दिकी यांनीं निंबोळीच्या तेलांतून ‘निंबिन’ हें कडू द्रव्य वेगळें काढल्याचें प्रसिद्ध केलें. तें केवळ कर्ब, हायड्रोजन व प्राणवायु यांचें बनलेलें आहे. चुन्याचा वा लोहाचा त्यांत कणहि नाहीं. कर्ब हवेंतला, हायड्रोजन पाण्यांतला. औषध झाड स्वतः तयार करतें. माती औषध देत नाहीं. परंतु पानांतील हरितद्रव्यास मॅग्नेशियम लागतें, तें घडण्यास लोह लागतें, आणि तें मातींतूनच मिळतें.

झाडहि मातीचें ऋण फेडतें. निंबोळींतील द्रव्यें मातींतल्या कांहीं सूक्ष्म जंतूंचें काम मंदावतात. त्यामुळें खतांतील नत्र लवकर वाहून जात नाहीं. म्हणूनच २०१५ सालीं भारत सरकारनें देशांत तयार होणाऱ्या सर्व युरियास निंबोळीच्या तेलाचा लेप देणें बंधनकारक केलें.

गळलेला पाला मात्र बहुतेक ठिकाणीं कचरा समजून झाडून जाळला जातो. राखेंत चुना व पालाश उरतो. नत्र व कुजून होणारें खत धुरावाटे जातें, आणि उतारावर पहिल्या पावसांत राखहि धुपून जाते. मुरमावर बोटभर माती साठण्यास शतकें लागतात. ती गेली, तर पडलेल्या निंबोळीस रुजण्यास जागा उरणार नाहीं. हा पाला झाडाच्या आळ्यांतच पसरून त्यावर थोडी माती लोटावी. शहरांतल्या अंगणांतील कडुनिंबालाहि तेंच हितकर आहे.