अण्णाला का काढलं?

(सेरंगून रोडला रविवारी जमलेल्या मंडळींपुढे जे बोललो, तेच थोडं नीट करून लिहितोय.)

मी बांधकामावर सुपरवायझर आहे, सिव्हिलचा डिप्लोमा, एस पासवर. म्हणजे तुमच्यासारखाच, पासची तारीख बघून कॅलेंडर लावणारा. आज भाषण करणार नाही. एक किस्सा सांगतो, आणि त्यात माझी चूक आहे तीही सांगतो.

आमच्या साइटवर एक लिफ्टिंग सुपरवायझर होता. तमिळ, पण सगळे त्याला अण्णा म्हणायचे, बांगलादेशी पोरंसुद्धा. सहा वर्षं होता. कुणाचा ओव्हरटाइम कमी धरला, कुणाचं जेवण आंबलं, की पोरं आधी अण्णाकडे जायची, मग माझ्याकडे. एका सोमवारी अण्णा आलाच नाही. ऑफिसने एवढंच सांगितलं, "तो आता आपल्याकडे नाही." टूलबॉक्स मीटिंग झाली, क्रेन सुरू झाली, काम चालू.

दुपारपर्यंत चार कारणं तयार. केबलचं भंगार विकलं. एजंटकडून पैसे खाल्ले. मॅनेजरशी भांडला. जेवणाची तक्रार वर नेली. पोरांनी मला विचारलं तेव्हा मी काय म्हणालो? "काहीतरी केलं असेल, उगीच कोण काढतं?" हे वाक्य मी बोललो, बरं का. संध्याकाळपर्यंत ते डॉर्मिटरीत पोचलं, आणि तिथे त्याचं झालं, "सुपरवायझरला सगळं माहीत आहे."

मला काहीच माहीत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, कंपनी कारण का सांगत नाही? इथे कायद्याचं असं आहे की नोटीस देऊन, कारण न सांगता कामावरून कमी केलं तर ते साधारणपणे चुकीचं धरत नाहीत. पण कारण सांगितलं आणि ते खोटं निघालं, तर कंपनी अडचणीत येते. म्हणजे गप्प बसणं कंपनीला स्वस्त पडतं. उरलेलं काम आपण करतो, चहा पिता पिता, फुकटात.

झाकिर होसेन खोकन हे नाव इथे बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. बांगलादेशी माणूस, 2003 पासून सिंगापुरात, बांधकामावरच. कविता लिहायचा. 2014 आणि 2015 ला स्थलांतरित कामगारांच्या कवितास्पर्धेत पहिला आला. कामगारांना लिहायला-वाचायला एकत्र आणायचा. 2022 ला त्याचं वर्क परमिट वाढवून मिळालं नाही. कारण कळलं ते एका ओळीत: सरकारी खात्याकडे तुमच्याविरुद्ध नोंद आहे. कसली नोंद, कोणत्या खात्याकडे, काही नाही. त्या आठवड्यांत आमच्याकडेही तर्क चालले होते. कविता नडल्या, कुणी तक्रार केली, वगैरे.

मग जूनमध्ये मनुष्यबळ मंत्रालयानं सांगितलं की ऑक्टोबर 2021 ची एक फेसबुक पोस्ट हे कारण. जालन तुकांगच्या डॉर्मिटरीत कोविडच्या वेळी जेवण आणि औषधोपचारावरून कामगार चिडले होते, त्यावर ती होती. सैनिक आणि चिलखती गाड्यांनी डॉर्मिटरी घेरली, असं त्यात होतं. मंत्रालयाचं म्हणणं, हे खोटं आहे. पोलिसांची तुकडी तयारीत होती, पण तिला पुढे आणलंच नाही, आणि सैनिक नव्हतेच. मी तिथे नव्हतो, मीही पासवर आहे, तेव्हा जपून बोलतो. पण पोस्ट चुकली असेल तर ती दुरुस्त करायला लावता येते. एकोणीस वर्षांनंतर परत पाठवणं ही मला त्या चुकीपेक्षा मोठी शिक्षा वाटते.

तरी त्याला निदान कारण मिळालं, उशिरा का होईना. त्यावर लोकांना बोलता आलं, वाद घालता आला. अण्णाच्या बाबतीत वाद घालायलासुद्धा काही नव्हतं.

आणि इथे आपण एक गोष्ट कालवतो. मंत्रालयानं परमिट नाकारणं वेगळं, कंपनीनं कामावरून काढणं वेगळं. कंपनीनं काढलं असेल तर करार बघा. करारात नोटीस लिहिलेली नसेल तर कायद्याप्रमाणे दोन ते पाच वर्षं नोकरीला दोन आठवडे, पाच किंवा जास्त वर्षांना चार आठवडे. नोटीस नाही तर तेवढा पगार. हक्काचा पगार मागितला म्हणून शिक्षा म्हणून काढलं असेल, तर टॅडमकडे दाद मागता येते, पण शेवटच्या दिवसापासून एका महिन्याच्या आत. थकलेल्या पगारासाठी नोकरी सुटल्यावर सहा महिने मिळतात. पगाराच्या पावत्या, टाइमकार्डचे फोटो मोबाइलमध्ये ठेवू नका फक्त, घरी कुणालातरी पाठवून ठेवा. मोबाइल हरवतात, सिम बंद होतं.

अण्णाचा महिना गावातच गेला. तिसऱ्या दिवशी विमानात बसवलं होतं त्याला.

दीड महिन्याने त्याचा फोन आला. मी म्हणलं, अण्णा, झालं काय नेमकं? तर तो थोडा वेळ काही बोललाच नाही. मग हिंदीत म्हणाला, "मला कुणी सांगितलंच नाही. म्हणून तुला फोन केला. साइटवर काय म्हणतात, मला का काढलं?"

मी म्हणालो, रेंज नाही, नंतर करतो.

परवा केला त्याला फोन. त्या सोमवारी मी पोरांना काय बोललो होतो, ते सगळं सांगितलं. आता साइटवर पोरांनाही सांगायचंय, टूलबॉक्स मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर.