पावसाची रेघ

आम्ही दोघी जावा, माण तालुक्यातल्या एका बचत गटातल्या. आमची लेक नोकरीसाठी ऑस्ट्रेलियात, अ‍ॅडलेड शहरात असते. मुलगी थोरलीची, पण वाढली दोघींच्या हाती. गेल्या जुलैत आम्ही तिच्याकडे गेलो, तेव्हा लेक-जावयाने आम्हाला गाडीत बसवून आठ दिवस उत्तरेकडच्या मुलखात फिरवलं. मुक्काम तंबूत, स्वयंपाक गॅसच्या शेगडीवर. तिथे जे पाहिलं ते आपल्यासारख्या दुष्काळी भागातल्या बायकांच्या कामाचं आहे, म्हणून आज सांगतो.

आधी पाण्याचं सांगतो. निघताना माणशी रोज पाच लिटर पिण्या-स्वयंपाकाचं पाणी मोजून कॅनमध्ये भरलं. वर दोन कॅन असे, की ज्यांना गाडी बंद पडल्याशिवाय हात लावायचा नाही. ताटं आधी कागदाने पुसायची, मग तांब्याभर पाण्यात चौघांची धुवायची. टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही! दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठायचा, कारण संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात. शेताचं फाटक उघडं असेल तर उघडं ठेवायचं, लावलेलं असेल तर लावून पुढे जायचं. रात्री एवढी थंडी, की पिठलं ताटात वाढेपर्यंत गार.

तिकडे पाऊस थंडीत पडतो. गहू साधारण मे-जूनमध्ये पेरतात आणि वर्षअखेरीला काढतात. अ‍ॅडलेड सोडल्यावर दोन्ही बाजूंना हिरवीगार गव्हाची शेतं होती. मेलरोझ नावाचं गाव ओलांडलं, तर रस्त्याकडेला एक स्मारक दिसलं. एका रेघेचं स्मारक! तिचं नाव गॉयडरची रेघ.

जॉर्ज गॉयडर हे त्या प्रांताचे मुख्य भूमापन अधिकारी. १८६५ साली मोठा दुष्काळ पडला होता. पाऊस कुठवर पोचला आणि कुठे पोचला नाही, हे पाहायला सरकारने त्यांना पाठवलं. ते घोड्यावरून शेकडो कोस हिंडले. पावसाच्या नोंदी तेव्हा फारशा नव्हत्याच. त्यांनी झाडं-झुडपं पाहिली. कुठपर्यंत मोठी झाडोरा आहे आणि कुठून नुसती खारट पाल्याची खुरटी झुडपं सुरू होतात, ते पाहून त्यांनी नकाशावर रेघ ओढली. रेघेच्या दक्षिणेला पीक घ्या, उत्तरेला पिकाचा भरवसा नाही, मेंढरं राखा. ही रेघ वर्षाला साधारण अडीचशे ते तीनशे मिलीमीटर पावसाची आहे, हे पुढे मोजमापांतून दिसलं.

मग आली चांगली वर्षं. १८७० नंतर पाऊस छान झाला. लोक म्हणू लागले, गॉयडरला काय कळतंय? नांगर फिरला की मागोमाग पाऊस येतो, असंही बोललं जाऊ लागलं. उधारीवर जमीन देताना सरकारने रेघेची अट घातली होती, ती १८७४ साली काढून टाकली. माणसं बायका-मुलांसह उत्तरेला गेली. दगडी घरं बांधली, गावं आखली. १८८० नंतर पाऊस पुन्हा मूळ पदावर आला. पिकं करपली आणि माणसं कर्ज घेऊन परतली.

ती घरं आम्ही पाहिली. क्वॉर्न ते हॉकर या वाटेवर छप्पर उडालेल्या भिंती ठिकठिकाणी उभ्या आहेत. चूल पेटायची ती जागा आणि धुराडं मात्र शाबूत. त्या चुलीपाशी बसणाऱ्या बाईला जमीन घेताना कुणी विचारलं असेल का, असं आम्ही एकमेकींना म्हणालो.

हा मुलूख त्याआधी रिकामा नव्हता. आद्न्यामथान्हा हे तिथले मूळ लोक हजारो वर्षं त्या डोंगरांत राहत आले आहेत. कुठला पाणवठा कधी आटतो ते त्यांना ठाऊक होतं.

आणखी उत्तरेला फरिना गाव आहे. लॅटिन भाषेत फरिना म्हणजे पीठ. इथे गव्हाचं कोठार होणार म्हणून १८७८ साली हे नाव ठेवलं. पाऊस वर्षाला दोनशे मिलीमीटरही नाही! आज गाव ओसाड आहे. थंडीच्या दिवसांत काही आठवडे स्वयंसेवक येतात, पडक्या भिंती सावरतात आणि जमिनीखालच्या जुन्या भट्टीत पाव भाजतात. आम्ही तो गरम पाव खाल्ला. पीठ बाहेरून आणलेलं.

मैत्रिणींनो, आपल्याकडे पाऊस त्याहून जास्त पडतो, पण सवय तीच. एक वर्ष बरं गेलं की ऊस लावायचा, बोअरसाठी कर्ज काढायचं. चांगल्या वर्षावर हिशेब बांधला की वाईट वर्षी दागिने मोडतात, आणि ते बहुधा आपलेच असतात. आपल्याकडे हिवरे बाजारने दरवर्षी पावसाचा आणि पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिकं ठरवायची रीत पाडली. ती रेघ गावाने स्वतः ओढली.

आपल्या गटालाही सुरुवात करता येईल. सरळ कडेचा एक डबा उघड्यावर, झाडा-छपरापासून लांब ठेवा. रोज सकाळी ठरल्या वेळी त्यातलं पाणी पट्टीने मोजा, वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. डब्यात दहा मिलीमीटर पाणी म्हणजे दहा मिलीमीटर पाऊस. बचतीच्या वहीशेजारी ही वही ठेवा. रब्बीच्या आधी बैठकीत ती वाचा आणि घरी बोअरचा किंवा उसाचा विषय निघाला, की ती वही पुढे करा. आमच्या गटाने या जूनपासून वही सुरू केली आहे. तुमच्या गटाने सुरू केलीत तर रेडिओवर येऊन आकडे सांगा, आम्ही ऐकतो आहोत.