खंजिरीचा ठोका, संगणकातला

वऱ्हाडातली खंजिरी हे साधे वाद्य आहे. लाकडी कडे, त्याच्या एका तोंडावर ताणून बसवलेले कातडे आणि कड्याच्या खाचांत खिळ्यावर सैल ओवलेल्या पितळी चकत्या, एवढाच तिचा संसार. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे 1909 साली जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या हाती ती आली आणि या भागाची ओळखच बनली. मोझरीच्या त्यांच्या गुरुकुंज आश्रमाची आठवण खंजिरीशिवाय होत नाही. खंजिरी भजनाच्या स्पर्धा आजही भरतात. मात्र भजनाचे ध्वनिमुद्रण लॅपटॉपवर होऊ लागल्यापासून वादक हजर नसला की तिचा आवाज संगणकातून घेतला जातो.

असे संगणकातले वाद्य नमुन्यांवर चालते. खऱ्या वाद्याचा एकेक ठोका ध्वनिमुद्रित करून कीबोर्डच्या एकेका पट्टीला जोडतात. पट्टी दाबली की तो ठोका वाजतो. तबला, सितार, बासरी यांचे असे संच मुबलक आहेत. खंजिरीची पंचाईत होते.

सर्वांत स्वस्त वाट म्हणजे घरात आधीच असलेला कीबोर्ड. 1991 साली ठरलेल्या जनरल मिडी या मानकातल्या 128 आवाजांत सितार आणि शहनाई यांना जागा मिळाली. तालवाद्यांच्या यादीत 54 व्या क्रमांकावर टँबोरिन आहे, आणि खंजिरीची गरज बहुधा त्यावरच भागवली जाते. त्यात चकत्यांची खळखळ ऐकू येते, कातड्याची थाप जवळजवळ नसते. आरतीला चालून जाते, भजनाला नाही.

भारतीय वाद्यांच्या विकत मिळणाऱ्या संचांत कंजिरा नावाचा आवाज सापडतो, पण तो बहुधा कर्नाटक संगीतातला असतो. त्या कंजिऱ्याला चकत्यांची साधारण एकच जोडी असते आणि कातड्याला आतून पाणी लावून स्वर खाली आणतात. त्याचा खोल, घुमणारा ठोका मृदंगाच्या साथीला शोभतो. वऱ्हाडी भजनाच्या द्रुत ठेक्यात मात्र पाहुण्यासारखा अवघडतो. शिवाय असे अनेक संच काँटॅक्ट या प्रणालीसाठी बनवलेले असतात. तिचे मोफत रूप घेतले, तर परवाना नसलेले संच त्यात काही मिनिटेच वाजतात. खरेदीआधी एवढे तरी तपासावे.

मोफत पर्यायांत डिसेंट सँपलर आणि स्फोर्झांडो ही दोन वादनयंत्रे चांगली. पियानोबुक या संकेतस्थळावर हौशी लोकांनी बनवलेले संचही फुकट मिळतात, त्यांचा दर्जा मात्र ज्याच्या त्याच्या चिकाटीवर अवलंबून असतो.

संच कोणताही असो, त्याची परीक्षा तीन ठिकाणी होते. एकच ठोका भराभर दहा वेळा वाजवून पाहावा. प्रत्येक वेळी तोच नमुना वाजत असेल तर बंदुकीच्या फैरीसारखा आवाज येतो. चांगल्या संचात एकाच ठोक्याचे चार-पाच नमुने आळीपाळीने वाजतात. मग हलका ठोका ऐकावा. बोटाच्या हलक्या स्पर्शाने चकत्या जेमतेम हलतात, जोराच्या थापेने एकमेकींवर आदळतात. म्हणजे हलका ठोका हा जोरकस ठोक्याचा आवाज कमी करून मिळत नाही, तो वेगळाच घ्यावा लागतो. तिसरी कसोटी बहुतेक संचांना पेलत नाही. खंजिरीवादक पकडीच्या हाताची बोटे कातड्यावर दाबून स्वर चढवतो. कीबोर्डवर हे काम स्वर वळवणाऱ्या चाकाने होते, पण ते चाक फिरवले की कातड्याबरोबर चकत्यांचाही स्वर चढतो. हातातल्या खंजिरीत पितळ आपल्या स्वरावर कायम असते. जाणकार श्रोत्याला खोटेपणा इथेच कळतो.

यावर उपाय आहे आणि तो घरी करता येतो. आधी चकत्यांच्या फटीत कापडाचे बोळे कोंबून फक्त कातड्याचे ठोके ध्वनिमुद्रित करावेत. मग कापड काढून, कातड्याला हात न लावता, चकत्यांची खळखळ वेगळी घ्यावी. डिसेंट सँपलरमध्ये हे दोन गट एकाच पट्टीला जोडून फक्त कातड्याच्या गटाचा स्वर चढवता येतो. चकत्यांचा नाद पुढच्या ठोक्याने तोडू नये, तो आपोआप विरू द्यावा; खंजिरीत नाद नादावर चढतच असतो.

हिशेबही फार मोठा नाही. पाच प्रकारचे ठोके, जोराच्या चार पातळ्या आणि प्रत्येकाचे चार नमुने धरले तर 80 नमुने होतात. दोन-दोन सेकंदांचे एवढे नमुने 24 बिट, 44.1 किलोहर्ट्झ दर्जाने एकाच मायक्रोफोनवर घेतले तर साधारण 21 मेगाबाइट होतात. कापछाट ऑडॅसिटी या संगणक प्रणालीत फुकट होते. गावच्या मंडळातल्या मुरलेल्या वादकाचा तासाभराचा वेळ आणि बरा मायक्रोफोन मिळाला, तर असा संच विकतच्या कंजिऱ्यापेक्षा भजनाला सरस ठरतो.

पावसाळ्यात कातडे सैल पडते, तेव्हा हे काम टाळावे. उन्हाळ्यात कातडे छान ताणलेले असते, पण अकोल्याच्या मे महिन्यात कूलर बंद करून तासभर बसणे कोणाच्याने व्हायचे? हिवाळ्यातली पहाट बरी. पंखा लागत नाही आणि रस्ताही शांत असतो.