गेटाबाहेरची टोपली
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



पंचवीस वर्षांनी या माईकसमोर उभी आहे. तेव्हा भाषण विसरले की बाई पहिल्या रांगेतून ओठ हलवून दाखवायच्या. आजही त्या पहिल्याच रांगेत आहेत, पण आजचं भाषण त्यांना ठाऊक नाही. सांभाळून घ्या.

सकाळी येताना गेटाबाहेर थांबले. तिथे टोपलीवाल्या आजी बसायच्या. चिंचा, बोरं, आवळे, तिखटमीठ लावलेली पेरूची फोड. त्यापायी आपण बाईंची किती बोलणी खाल्ली! आज तिथे सात गाड्या मोजल्या. वडापाव, चायनीज, वेफर्सच्या माळा, कोल्ड्रिंक. फळ एकाही गाडीवर नाही.

गाडीवाल्यांना नावं ठेवायला मी उभी नाही, कारण तेच काम मी एसीत बसून केलंय. काही वर्षांपूर्वी आमच्या टीमने ऑफिसच्या फूड कोर्टसाठी ऑर्डरचं अ‍ॅप बनवलं. काहीही मागवा, ‘सोबत कोल्ड्रिंक’ या चौकोनात आधीच टिक. नको असेल तर आपण काढायची. तो कोड माझा. खप वाढला, मला शाबासकी मिळाली. मीही तिथेच जेवायचे आणि टिक काढायचा कंटाळा करायचे. ३३० मिलीच्या कोलाच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे सात छोटे चमचे साखर असते. चाळिशीनंतर माझं एचबीएवनसी ६.२ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा.

तेव्हा कळलं, भुकेला माणूस विचार करून निवडत नाही. समोर, स्वस्त आणि झटपट मिळेल ते उचलतो.

मग आम्ही ती टिक काढली. ताक काउंटरवर आणलं, कोल्ड्रिंकचा फ्रीज मागे नेला, थाळीत कोशिंबीर आधीच वाढायला लावली. बंद काहीच केलं नाही. कँटीनवाले दादा कुरकुरले, “मॅडम, बाटली महिनाभर टिकते. उरलेलं ताक कोण घेणार?” खरी मेख इथेच आहे. चांगलं अन्न नासतं, आणि तो तोटा विकणाऱ्याच्या माथी बसतो. पहिले काही दिवस उरलेल्या ताकाचे पैसे आम्ही वर्गणी काढून दिले. पुढे गरज पडली नाही.

शाळेच्या गेटापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ विकायला २०२० च्या केंद्रीय नियमांनी मनाई आहे. पण नुसत्या गाड्या हाकलल्या, तर त्या एक्कावन्नाव्या मीटरवर उभ्या राहतील. शिवाय त्यांच्यावर घरं चालतात.

म्हणून आपल्या बॅचला एक विनंती. जो गाडीवाला उकडलेले चणे, शेंगा, काकडी, पेरू, ताक ठेवेल, त्याच्या उरलेल्या मालाचा तोटा तीन महिने आपण भरून देऊ. अट एकच: हा माल पुढे, मुलांच्या नजरेच्या उंचीवर आणि वेफर्सपेक्षा स्वस्त हवा. पहिल्या महिन्याचे पैसे मी आजच देऊन जाते.

माझा आकडा आता ५.८ आहे. अजून उंबरठ्यावरच, पण परतीच्या वाटेवर.

आणि बाई, तुम्ही ओरडायचात ते बरोबरच होतं, टोपलीवर माशा बसायच्या. जाळीचं झाकण आम्ही देऊ. चिंचा मात्र राहू द्या.