वेदना खरी आहे, इथून सुरुवात करू

भौतिकोपचार, अस्थिरोग आणि मानसोपचार क्षेत्रातील सहकारी, तसेच आपले अनुभव सांगायला आवर्जून आलेले रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय हो,

जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांचे पुनर्वसन आणि मानसिक आधार या विषयावरील परिषदेत, स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मिरजेत मनःपूर्वक स्वागत करतो.

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथे रुग्णालय सुरू केले. दूरदूरचे रुग्ण तेव्हापासून मिरजेची वाट धरतात. हे तंतुवाद्यांचेही गाव आहे. तासन्‌तास जमिनीवर बसून तंबोरा घडवणाऱ्या कारागिराला कंबरदुखी समजावून सांगावी लागत नाही. आसपासच्या ऊसपट्ट्यात मोळ्या वाहणाऱ्या मजुरालाही नाही.

त्यांना समजावून सांगायला हवे ते वेगळेच. ‘मणक्यात गॅप आहे, वाकू नका’ एवढे ऐकून माणूस घरी जातो आणि धास्तावतो. तो वाकणे सोडतो, मग काम सोडतो. झोप उडते, स्नायूंची ताकद जाते, चिडचिड वाढते आणि दुखणे आणखी बळावते. नुसत्या शेकाने किंवा पट्ट्याने हे चक्र तुटत नाही.

शास्त्राने हे केव्हाच ओळखले आहे. वेदनेचे संदेश मज्जारज्जूतच कमी-जास्त होतात आणि त्यावर मेंदूचाही ताबा असतो, असा सिद्धान्त मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ साली मांडला. कंबरदुखीकडे शरीर, मन आणि परिस्थिती अशा तिन्ही अंगांनी पाहा, असे गॉर्डन वॅडेल या अस्थिशल्यविशारदाने १९८७ मध्ये सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतही रुग्णशिक्षण आणि व्यायामाबरोबर मानसोपचाराला स्थान आहे. कंबरपट्टा आणि ट्रॅक्शन यांचा सरसकट वापर मात्र त्या सूचनांनी नाकारला आहे. आणि हे दुखणे मोजक्यांचे नाही; २०२० साली जगात सुमारे ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती.

तरीही आपल्याकडे समुपदेशकाचे नाव निघते ते सगळे उपाय थकल्यावर. तेव्हा रुग्णाला वाटते, ‘म्हणजे मी सोंग करतोय?’ ही जखम आपण देतो. म्हणून पहिल्याच भेटीत सांगू या: तुमची वेदना खरी आहे. गंभीर कारण नाही याची खात्री करून लगेच विचारू या: कोणत्या हालचालीची भीती वाटते? झोप लागते का? कामावर परत जाता येईल असे वाटते का? ज्याला वाकायची भीती वाटते, त्याला आपल्या देखरेखीखाली आज थोडे, उद्या थोडे जास्त वाकू देणे, हा व्यायामही आहे आणि मानसोपचारही.

माझे आग्रहाचे मागणे एकच. हे प्रश्न प्रत्येक केसपेपरवर छापले जावेत आणि समुपदेशकाची खोली व्यायामकक्षाला लागूनच असावी, असा ठराव या परिषदेने करावा. त्याची अंमलबजावणी मिरजेतून सुरू करण्याची जबाबदारी आम्ही यजमान आनंदाने घेतो.

आपणा सर्वांचे पुन्हा एकदा स्वागत करतो आणि अध्यक्षांना परिषदेचे कामकाज सुरू करण्याची विनंती करतो.